सरकारी बंगल्याच्या दुरुस्तीचा खर्च नेमका कुणाकडे मागायचा? (कोल्हापूर)

कोटीतीर्थ_९ (प्रश्न)

कोल्हापुरात एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या शासकीय निवासस्थानात दरवर्षी काही ना काही काम निघतंय. आधी कौलं, मग बाथरूम, मग आवारात पेव्हर ब्लॉक, आता रंग. कुणाचा बंगला ते इथं लिहीत नाही, मुद्दा पद्धतीचा आहे.

माहिती अधिकारात अर्ज टाकला. त्यात विचारलं होतं: "या बंगल्यावर तीन वर्षांत एकूण किती खर्च झाला, एवढा खर्च करण्याची गरज काय होती आणि याला जबाबदार कोण?" उत्तर दोन ओळींचं आलं. माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही आणि प्रश्नार्थक माहिती देता येत नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खर्चाचे कागद नेमके कुठल्या कार्यालयात असतात? अर्जात काय लिहिलं म्हणजे टोलवता येणार नाही? आणि कागद हातात आले तर त्यातलं वावगं कसं ओळखायचं?

---

लेखाशीर्ष_२२१६

उत्तर चीड आणणारं आहे, पण कायद्याच्या चौकटीत बसतं. कार्यालयाच्या दप्तरात जे कागद आहेत तेवढेच द्यायला माहिती अधिकारी बांधील असतो. नवीन बेरीज करून देणं किंवा कारणमीमांसा लिहून देणं त्याच्यावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय निकालात स्पष्ट केलंय. तुमचे तिन्ही प्रश्न बेरीज, कारण आणि मत मागणारे होते. ते टोलवले जाणारच.

आता बेरीज तयार का नसते ते बघा. एका बंगल्याचा खर्च एका खिशातून होतच नाही. राज्य शासनाच्या मालकीचा बंगला असेल तर बांधकाम आणि दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. निवासी इमारतींची देखभाल २२१६ गृहनिर्माण या मुख्य लेखाशीर्षाखाली (सरकारी हिशेबातला खर्चाचा कप्पा) पडते, कार्यालयीन इमारतींची २०५९ सार्वजनिक बांधकामे याखाली. नवीन बांधकाम किंवा मोठी वाढ असेल तर भांडवली शीर्ष, म्हणजे ४२१६ किंवा ४०५९. बंगल्यात कॅम्प ऑफिस, म्हणजे अधिकाऱ्याचं घरातलंच कार्यालय, असलं की खरी गंमत सुरू होते, कारण त्या खोल्यांचं काम २०५९ मध्ये दाखवता येतं आणि निवासाच्या नावावर ते दिसतच नाही. म्हणून फक्त "निवासस्थान दुरुस्ती" मागितली तर अर्धा खर्च बाहेर राहतो.

वायरिंग, पंप, जनरेटर, एसी बसवणं हे बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेकडे. त्यांची धारिका (फाइल) वेगळी, कामाची मापं लिहायची मोजमाप पुस्तिका वेगळी. सोफा, पडदे, टीव्ही, फ्रिज हे बहुतेक वेळा त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या कार्यालयाच्या "१३ कार्यालयीन खर्च" या उद्दिष्टातून, म्हणजे खर्चाच्या प्रकारातून, येतं, त्याचा बांधकाम खात्याशी संबंध नाही. एखादं काम जिल्हा वार्षिक योजनेतून केलं असेल तर त्याची प्रशासकीय मान्यता नियोजन शाखेत सापडते.

म्हणजे अर्ज एक नाही, किमान तीन. सार्वजनिक बांधकामच्या स्थापत्य बाजूला एक, विद्युत बाजूला एक, आणि ज्या कार्यालयाचा अधिकारी तिथं राहतो त्या कार्यालयाला एक. चुकीच्या दारात गेला तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, पण त्यावर विसंबून राहू नका.

महाराष्ट्रात एक अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा असा नियम २०१२ पासून आहे. नमुना "अ" वापरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महसूल तिकीट लावलेले अर्ज परत येतात, दोन्हींत गल्लत करू नका. झेरॉक्सचे पानाला २ रुपये. मजकूर साधारण असा ठेवा:

"(इमारतीचं नाव व पत्ता) या शासकीय निवासस्थानाच्या व त्याच्या आवारातील (कॅम्प ऑफिससह) १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळात कार्यारंभ आदेश दिलेल्या अथवा देयक अदा झालेल्या सर्व कामांच्या खालील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात: १) प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मंजुरी आदेश, २) अंदाजपत्रक, सर्वसाधारण अहवालासह, ३) कार्यारंभ आदेश, ४) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ५) अदा केलेली देयके व प्रमाणक क्रमांक, ६) इमारत नोंदवहीतील या इमारतीचे पान."

"कार्यारंभ आदेश दिलेल्या अथवा देयक अदा झालेल्या" हे शब्द तसेच राहू द्या. ठेकेदारांची बिलं निधीअभावी रखडतात, २०२२ चं काम २०२४ च्या मार्च एंडला पास होतं. फक्त कामाचं वर्ष लिहिलं की "त्या वर्षी खर्च निरंक" असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं.

"गरज काय होती" याचं उत्तर दुसऱ्या क्रमांकात आहे. अंदाजपत्रकाच्या पहिल्या एक-दोन पानांत इमारतीची अवस्था काय, कुणाच्या पत्रावरून काम प्रस्तावित केलं, हे लिहिलेलं असतं. "जबाबदार कोण" याचं उत्तर पहिल्या क्रमांकाखालच्या सह्यांत.

---

कोटीतीर्थ_९

कॅम्प ऑफिसचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, तिथं आहेच ते. पण मोजमाप पुस्तिका मिळाली तरी मला ती वाचता येणार का? इंजिनिअर नाही मी.

---

एमबी_वाचक

येईल की. एमबी, म्हणजे हीच मोजमाप पुस्तिका, त्यात लांबी, रुंदी, उंची, नग आणि गुणाकार एवढंच असतं. शाळेतलं गणित पुरतं. आधी एक सांगतो, थेट प्रती मागवून चार-पाचशे पानांचे पैसे भरण्याआधी अभिलेख पाहायला जा. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा व त्याखालच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. बघा, टाचण करा, मग लागतील तेवढ्याच पानांच्या प्रती मागा.

पहिल्यांदा बाथरूम धरा. मोजायला सोपी आणि फुगवायलाही सोपी. समजा बाथरूम ८ बाय ६ फूट आहे आणि टाइल ७ फुटांपर्यंत लावलीय. भिंतींचा घेर २८ फूट, गुणिले ७ म्हणजे १९६ चौरस फूट. अडीच बाय सातचा दरवाजा वजा केला की १७८.५, म्हणजे १६.५८ चौरस मीटर. जमीन ४८ चौरस फूट, म्हणजे ४.४६. दोन्ही मिळून २१ चौरस मीटर. एमबीत २२ दिसले तर सोडून द्या. ३५ दिसले तर त्या पानाची प्रत घ्याच. तुटफूट धरून जास्त लावलंय असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तुटफूट दरसूचीच्या (कामांच्या सरकारी दरांची यादी) दरात आधीच धरलेली असते आणि मोजायचं असतं ते प्रत्यक्ष बसवलेलं क्षेत्रफळ.

रंग आणि गिलाव्यात मात्र घाई नको. मोजणीच्या भारतीय मानकानुसार (आय.एस. १२००) अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघडीपा (भिंतीतल्या मोकळ्या जागा) वजाच करत नाहीत, आणि अर्धा ते तीन चौरस मीटरच्या खिडकी-दारांची वजावट एकाच बाजूची करतात. म्हणून तुमच्या हिशेबापेक्षा एमबीतला आकडा थोडा जास्त निघणं नियमातच आहे. याच फरकावर तक्रार ठोकणारे लोक तोंडावर पडतात.

खरं बघायचं ते वेगळंच. एकाच खोलीची मापं दोन कामांत आहेत का? "विशेष दुरुस्ती" मध्ये हॉलचा रंग आणि त्याच वर्षी "नियमित देखभाल" मध्ये पुन्हा तोच हॉल, लांबी-रुंदी दशांशापर्यंत सारखी, असं आढळलं की दोन्ही एमबींचे क्रमांक, पान क्रमांक आणि मोजमापाच्या तारखा शेजारी शेजारी लिहून काढा. कौलारू खोलीत लाकडी तक्तपोशी (फळ्यांचं छत) असताना "छताला डिस्टेंपर" मोजलाय का तेही बघा.

दुसरं, निघालेलं सामान. जुन्या बंगल्यात सागवानी वासे, दारं-खिडक्यांच्या चौकटी, जुनी घडीव दगडी फरशी असते. काढलेलं सामान खात्याच्या ताब्यात जमा होऊन त्याचा लिलाव व्हायला हवा, नाहीतर त्याची किंमत अंदाजपत्रकात जमा दाखवायला हवी. अंदाजपत्रकात "जुने छप्पर उतरविणे" ही बाब आहे आणि जमेच्या बाजूला काहीच नाही, तर "काढलेल्या साहित्याची नोंद व विल्हेवाट आदेश" मागणारा वेगळा अर्ज टाका. सागवानाचा भाव कोल्हापूरकरांना मी सांगायला नको.

तिसरं, कामाचे तुकडे. एकाच महिन्यात "निवासस्थान पूर्व बाजू रंगकाम", "पश्चिम बाजू रंगकाम", "आवार भिंत रंगकाम" असे तीन कार्यारंभ आदेश, तिन्ही रकमा ई-निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली. अशी छोटी कामं काम वाटप समितीतून सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर संस्था आणि खुले ठेकेदार यांना ठरलेल्या प्रमाणात दिली जातात. वाटप कायदेशीर आहे, पण त्यासाठी एका कामाचे तीन करणं नाही. तिन्ही प्रशासकीय मान्यतांच्या तारखा जुळल्या की मुद्दा पक्का झाला.

शेवटचं, दोष दायित्व कालावधी निविदेच्या अटींत लिहिलेला असतो. त्या काळात तीच टाइल उखडली किंवा तेच छप्पर गळलं तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची. दरवर्षी काही ना काही काम निघतंय म्हणताय ना, त्यात तेच काम पुन्हा निघालं असेल तर पहिल्या कामाची पूर्णत्वाची तारीख आणि दुसऱ्याच्या अंदाजपत्रकाची तारीख यांतलं अंतर आधी मोजा.

---

मंगळुरी_कौल

थोडा ब्रेक लावतो. वरचं सगळं बरोबर आहे, पण जुना कौलारू बंगला म्हटलं की खर्च होतोच. इथं पावसाळा चार महिने बसतो, वाशांना वाळवी लागते, कोना-पन्हळीतून पाणी भिंतीत उतरतं. एक वर्ष दुरुस्ती चुकली तर पुढच्या वर्षी गिलावा, लाकूड आणि वायरिंग तिन्ही काढावं लागतं. लाखातला आकडा बघून लगेच बोंब मारू नका.

छपराचं क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाएवढं नसतं. ३० अंशाचा उतार असेल तर ते साधारण १५ टक्क्यांनी जास्त भरतं, वळचणीचा भाग वेगळाच. बघायचं असेल तर बाब कुठली लावलीय ते बघा. "जुनी कौले उतरवून चांगली पुन्हा वापरून तुटलेली बदलणे" आणि "संपूर्ण नवीन कौले पुरवून बसविणे" यांच्या दरात मोठं अंतर आहे. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. नवीन कौलांचं बिल निघालंय आणि छपरावर निम्मी कौलं काळी-हिरवी, शेवाळलेली दिसताहेत, तर रस्त्यावरूनही कळतं.

अंदाजपत्रकाची एकूण रक्कम आणि ठेकेदाराला मिळालेली रक्कम यांचीही तुलना लोक चुकीची करतात. दरसूचीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, चाचणी शुल्क वगैरे चढतं. जुलै २०२२ च्या आधी सरकारी कामांना बहुतेक १२ टक्के होता, त्यामुळे जुन्या-नव्या कामांचे आकडे तसेच शेजारी ठेवू नका. याच्या उलट, निविदा दरसूचीपेक्षा बरीच खाली गेलेली दिसली तर खुश होऊ नका. खाली भरायचं आणि "अतिरिक्त बाबी" टाकून वर काढायचं ही जुनी वाट आहे. वरच्या अर्जात अतिरिक्त बाबींचे मंजुरी आदेश राहिलेत, ते घाला. खर्च मान्यतेपलीकडे बराच गेला असेल तर सुधारित प्रशासकीय मान्यता लागते, तीही मागा.

महापुराची वर्षं, २०१९ आणि २०२१, वेगळी धरा. पाणी शिरलेल्या इमारतीत गिलावा आणि वायरिंग बदलणं रास्तच. पण "पूरहानी" म्हणून खर्च टाकला असेल तर त्या इमारतीचा पंचनामा असायला हवा. उंचावरच्या बंगल्याला पूरहानीचा निधी लागलेला दिसला तर मात्र विचारा राव.

---

कोटीतीर्थ_९

भारी माहिती. एक शंका, बंगला महापालिकेचा किंवा जिल्हा परिषदेचा असेल तर हेच चालतं का?

---

भाऊसिंगजी_रोड

कागद तेच, वाट वेगळी. वर सांगितलेली २२१६, २०५९ ही लेखाशीर्षं तिथं शोधत बसू नका.

महापालिकेच्या निवासस्थानाचं काम शहर अभियंत्यांकडून होतं आणि पैसा महापालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून जातो. तिथं एमबीइतकाच ठरावही बघायचा. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासकच होते. त्या काळात स्थायी समितीचे आणि महासभेचे अधिकार प्रशासकाच्याच हाती. म्हणजे प्रस्ताव मांडणारं प्रशासन आणि मंजुरी देणाराही प्रशासक. त्यामुळे त्या काळातल्या कामांसाठी "प्रशासक ठराव क्रमांक व दिनांक, विषयपत्रासह" असं लिहून मागा. विनानिविदा तातडीचं काम असेल तर ६७-३-क चा आधार घेतलेला असतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं हे कलम आणीबाणीसाठी आहे. नाला फुटला, भिंत कोसळली, ठीक आहे. मॉड्युलर किचनला ते लागू पडत नाही.

जिल्हा परिषदेत बांधकाम विभाग आणि स्वनिधी, म्हणजे सेस. सेसचं बजेट लहान असतं, त्यामुळे निवासस्थानावरची रक्कम तिथं पटकन डोळ्यात भरते. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि पुनर्विनियोजनाचे प्रस्ताव मागा. शिक्षण किंवा समाजकल्याणच्या शिल्लक रकमा वर्षाअखेरीला कुठं वळवल्या ते त्यात उघडं पडतं.

या दोन्हींचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा करते. महापालिकेला स्वतःचा मुख्य लेखापरीक्षकही असतो. "सदर इमारतीशी संबंधित लेखाआक्षेप व त्यांचे अनुपालन" एवढंच मागितलं तरी पुष्कळदा काम निम्मं होतं, कारण आक्षेप कुणीतरी आधीच काढून ठेवलेला असतो आणि अनुपालनाच्या रकान्यात "कार्यवाही सुरू" एवढंच असतं. जिल्हा परिषदेचे आक्षेप विधिमंडळाच्या पंचायत राज समितीपुढं जातात. राज्याच्या बांधकाम खात्याची तपासणी महालेखाकार करतात, पण ते नमुना तपासणी करतात. प्रत्येक बंगला त्यात येईलच असं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाल्यापासून न्यायमूर्तींच्या निवासस्थानांचा विषयही शहरात आलाय. तिथंही बांधकामाचे कागद सार्वजनिक बांधकामकडेच मागायचे, उच्च न्यायालयाकडे नव्हे.

---

लेखाशीर्ष_२२१६

सुरक्षेचं कारण पुढं केलं जाईल, त्याची तयारी ठेवा. कलम ८(१)(छ) दाखवून संपूर्ण माहिती नाकारतात. बंगल्याचा नकाशा, कॅमेऱ्यांच्या जागा, पहारा यांबद्दल ते मान्य करा. मग कलम १० पुढं करा: नाकारण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यायचा असतो. रंगाच्या बिलात सुरक्षा कुठली आली? वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं बरंच रुंद करून ठेवलंय. म्हणून अर्जात अधिकाऱ्याचं नाव घालूच नका, इमारतीचं नाव घाला. देयक इमारतीचं असतं, माणसाचं नसतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकार समजून पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, नमुना "ब", २० रुपयांचा स्टॅम्प. मुदत उलटल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते, कलम ७(६) अपिलात लिहा. पहिल्या अपिलाचा निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत. तिथंही भागलं नाही तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथं वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच "अभिलेख पाहू द्या, प्रती नंतर" एवढी मागणी रेटा. ती बहुतेक मान्य होते. "धारिका आढळून येत नाही" असं लेखी आलं तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करून शोधाचा अहवाल आणि जबाबदारी निश्चितीचा आदेश मागा. पुष्कळ धारिका मग आठवडाभरात सापडतात.

---

रमणमळा_वाचक

यात एक राहिलं. बदली झाल्यावरही निवासस्थान न सोडणं. त्याचा खर्च कुठल्याच एमबीत येत नाही. सरकारी निवासात राहणाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही, ठरलेलं परवाना शुल्क पगारातून कापलं जातं, आणि मुदतीनंतर राहिलं तर दंडनीय दरानं भाडं वसूल करायचं असतं. ताबा देण्या-घेण्याच्या तारखा आणि वसुलीचा तपशील वेगळ्या अर्जात मागा, एक विषय एक अर्ज. शासकीय जागेतून निष्कासनाचा कायदा राज्यात १९५५ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयानं तर ७ मे २०१८ ला लोकप्रहरी प्रकरणात उत्तर प्रदेशच्या माजी मुख्यमंत्र्यांना तहहयात बंगले देणारी तरतूदच रद्द केली.

ताबा पावतीबरोबर सामानाची यादी असते, तीही मागा. येताना किती पंखे, गीझर, एसी ताब्यात घेतले आणि जाताना किती परत केले, दोन्ही याद्या ताडून बघायच्या.

---

कोटीतीर्थ_९

तीन अर्ज तयार केलेत. स्थापत्यचा १३८ शब्दांत बसला, अतिरिक्त बाबी आणि सुधारित मान्यता धरून. कॅम्प ऑफिसच्या फर्निचरसाठी जडवस्तू संग्रह नोंदवही (कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंची नोंद) मागितली तर चालेल ना?

---

एमबी_वाचक

चालेल, तोच शब्द लिहा. सोबत खरेदीची दरपत्रकं मागा. तिन्ही दरपत्रकं एकाच टाइपमध्ये, एकाच तारखेची आणि एकाच चुकीच्या स्पेलिंगची आहेत का, तेवढं बघा.